सहाव्या रॅकवरची सतरावी बाटली

सोमवार, ४ मार्च

ताई,

नमस्कार लिहीत नाही. तू घेणार नाहीस आणि तो उगाच वाटेत लटकत राहील. फोनवर तू मला बंद केलंयस, आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज आला की ठेवतेस, म्हणून कागद. फाडशील, माहितीय. पण फाडायच्या आधी वाचशील हेही माहितीय. तू साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचतेस.

आधी कामाचं. पंधरा तारखेला, शुक्रवारी सकाळी अकराला, कंपनीच्या मोठ्या बाई स्वतः चौकशीला बसणार आहेत. चार हजार रोपं मेली ती कुणाच्या चुकीने, एवढाच विषय. आपल्या टायवाल्या मॅनेजरांनी तुझं नाव लिहून दिलंय. म्हणे सुपरवायझरबाई न बघता वही भरतात. म्हणे तापमानाचे आकडेपण तसेच मनाने लिहिलेत. खोली गारच होती, रोपं हाताळणीत मेली. तू आली नाहीस तर मॅनेजर म्हणतो तेच खरं धरलं जाईल, आणि मग दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत तुला फरशी पुसायलाही कुणी घेणार नाही. म्हणून ये. मावशीकडे रुसून बसायला पुढे आख्खं आयुष्य पडलंय.

आपण तिथे नेमकं काय करतो हे आईला मी परवा पहिल्यांदा समजावून सांगितलं. तीन वर्षं ती शेजारच्या बाईंना सांगत होती की आमच्या मुली बाटल्या भरतात. मी म्हटलं, आई, केळीच्या कोंबाच्या आत एक टोक असतं, नखाएवढं. त्यातल्या पेशींचं अजून ठरलेलं नसतं की पान व्हायचं का मूळ व्हायचं. ते टोक कापायचं, बाटलीतल्या जेलीत खोचायचं, झाकण लावायचं आणि गार खोलीत ट्यूबलाइटखाली ठेवायचं. जेलीतच त्याचं जेवण. महिन्याभरात एकाची पाच होतात, ती कापून पाच बाटल्यांत. आई म्हणाली, "अजून काही ठरलेलं नाही, म्हणजे तुझ्यासारखंच की." मी म्हटलं, "हो, आणि ताई जन्मली तीच पान होऊन." हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली, म्हणून लिहिलं.

आता त्या बाटलीचं. नाहीतर तू म्हणशील, बाकी सगळं लिहिलं आणि तेवढं गाळलं.

त्या सोमवारी, सव्वीस तारखेला, आपण खोलीचं दार उघडलं तेव्हा सगळे रॅक तपकिरी. शिजून गाळ झालेल्या भाजीसारखी रोपं. तू पहिल्या रॅकपासून शेवटपर्यंत चालत गेलीस आणि कशालाच हात लावला नाहीस. आणि सहाव्या रॅकवर सतरा नंबरची एकच बाटली हिरवीगार. टायवाल्यांनी ती उचलली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की जणू बारसंच आहे. "बघा," म्हणाले, "हे जगलंय. म्हणजे खोलीला काही झालं नव्हतं." दोन दिवस बाटली घेऊन ऑफिसभर फिरले. बुधवारी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीला दिली, म्हणाले, ही जात चिवट आहे, हिच्यापासूनच पुन्हा सुरू करू.

चष्मेवालीने चिमट्याने रोप काढलं, ब्लेड लावलं. "साहेब, कापलं जात नाही."

"ब्लेड बदला."

"बदललं साहेब. हे तिसरं."

मग त्यांनी स्वतः हातात घेऊन वाकवलं आणि आतली तार बाहेर आली.

सगळे त्या प्लॅस्टिककडे बघत होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी छताकडे बघितलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं, हे मी मान्य करते.

तुझी,
तीच

गुरुवार, ७ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. पण आईकरवी निरोप आला, तो पोचला. आई स्वयंपाकघरात उभी राहून पाठ केल्यासारखी बोलत होती. "ती म्हणते, मीच ठेवलं असं कबूल कर. पण शनिवारी ठेवलं म्हण. दुपारी, ती गेल्यावर. म्हणजे त्याआधी तिने जी उंची लिहिलीय ती खऱ्या रोपाची ठरेल."

मी विचारलं, "आणि खरं रोप कुठे गेलं म्हणून सांगू? खाल्लं?"

आई म्हणाली, "ते तुझं तू बघ. खोड्या काढताना डोकं चालतं ना."

डोकं चालतं, म्हणूनच सांगते. शनिवारी ठेवलं असं मी म्हणणार नाही. मी ते वीस जानेवारीला ठेवलं, खरी बाटली मागच्या रांगेत सरकवून. दवाखान्याच्या बाकाशेजारी प्लॅस्टिकचं झाड असतं ना, त्याची फांदी. तू आत डॉक्टरांना आईचा खोकला किती दिवसांचा आहे ते सांगत होतीस तेवढ्यात तोडली. सतरा नंबरच का, तर ती तुझी मापाची बाटली. दर मंगळवारी तू रॅकमागे पाच बाटल्या मोजतेस आणि वहीत चढवतेस. तुझ्या वहीत सतरा नंबरचं काय आहे, माझं पाठ आहे. तेवीस जानेवारी, ३.१ सेंटीमीटर. मग ३.६. मग ४.२. मग ४.७. वीस फेब्रुवारीला ५.३, आणि पुढे शेरा, "पाने सतेज."

ताई, पाने सतेज.

मला वाटलं होतं पहिल्याच मंगळवारी तू ओळखशील आणि माझा कान पिळशील. चष्मेवालीशी पैज लागली होती. ती म्हणाली, एका मिनिटात पकडेल. मी म्हटलं, दोन. दुसऱ्या मंगळवारी आम्ही हसलो. तिसऱ्या मंगळवारी चष्मेवाली म्हणाली, काढून टाक बाई. चौथ्या मंगळवारी मला काढायचं होतं, पण आता काढलं तर तुला कळेल की तू तीन आठवडे बघितलंच नाहीस, असं वाटून हात पुढे जाईना. तेव्हा मी तुला वाचवत होते असं नाही म्हणत. घाबरले होते.

पण हे सुरू कशावरून झालं तेही लिहिते, कारण आईला तू हे सांगितलेलं नाहीस. जानेवारीत मी बारा बाटल्या मेल्या समजून धुवायला टाकल्या. त्यातल्या चारांत जीव होता. चूक होती, मान्य. पण तू सगळ्यांसमोर मला टेबलावरून उठवलंस आणि म्हणालीस, "सजीवांची लक्षणं सांग." मी एकोणीस वर्षांची, ताई. नाकाला फडकं, डोक्याला टोपी, हातात चिमटा, आणि उभी राहून दहावीचा धडा म्हणतेय. पोषण, श्वसन, वाढ, उत्सर्जन, प्रजनन, हालचाल. सातवं आठवेना. तूच मग हळू आवाजात म्हणालीस, "चेतनेला प्रतिसाद. तुला तेवढंच नाहीय." सगळे हसले. टायवाले सगळ्यात जास्त.

म्हणून मी त्या फांदीला सात प्रश्न विचारले. खाते का, नाही. श्वास घेते का, नाही. पिल्लं, घाण, हालचाल, काही नाही. हात लावला तर दखल घेत नाही. सातातलं एकच लक्षण सापडलं, वाढ. तेही तुझ्या वहीत.

खोडी मी काढली. ती कबूल करीन, मोठ्या बाईंसमोर, तारखेसकट. त्यानंतर मला काढतील, काढू देत. पण तारीख बदलणार नाही. मी उभ्या आयुष्यात खूप उपद्व्याप केलेत, पण विचारल्यावर कधी नाही म्हटलेलं नाही. बुधवारी गप्प बसले ते खोटं बोलण्यातच धरायचं असेल तर धर. तेवढं मी घेते. त्याच्यावर आणखी एक चढवणार नाही.

तुझा राग मला कळतो. मला तुझ्याबद्दल जे कळत नाही ते सांगू? तू एवढी काटेकोर बाई, मिठाच्या चमच्यावर बोट फिरवून सपाट करणारी. तू अंदाजाने आकडे का लिहिलेस?

तीच

सोमवार, ११ मार्च

ताई,

मावशीचा फोन आला होता. म्हणाली, पत्र आलं की ती बाथरूममध्ये जाऊन वाचते. तेवढं मला पुरे.

का लिहिलेस ते मला कळलं. कुणी सांगितलं नाही, मीच शोधलं. तू गेल्यापासून तुझं काम टायवाल्यांनी माझ्या आणि चष्मेवालीच्या गळ्यात टाकलंय. चार खोल्या. प्रत्येक खोलीत सहा रॅक, प्रत्येक रॅकवर पाच मापं. एकशे वीस बाटल्या एका मंगळवारी, वर झाकणं, वर जेलीची मोजणी, वर मुलींच्या सुट्ट्या. आधी दोन सुपरवायझर होत्या, एक गेली ती भरलीच नाही. आता एक खोली मेलेली, तरी आम्ही दोघी मिळून नव्वदांतल्या साठपर्यंत पोचलो आणि माझी मान मोडली. तू एकटी दीड वर्ष करत होतीस आणि घरी येऊन म्हणायचीस, आज काही विशेष नाही.

मग मी एक केलं. मागच्या दोन वह्या काढल्या. बाकीच्या तीन खोल्यांत रोपं जिवंत आहेत, त्यांची तुझी वीस तारखेची मापं घेतली, त्यात दर आठवड्याची वाढ धरली आणि पट्टी घेऊन खरी मापं ताडून बघितली. चाळीस बाटल्या. त्यातल्या चौतीस तुझ्या हिशोबाच्या दोन मिलिमीटर इकडे किंवा तिकडे. म्हणजे तू बघत नव्हतीस, पण तुला माहीत होतं. रोप किती दिवसांचं, कुठल्या जेलीत, दिव्यापासून किती लांब, यावरून तू सांगू शकतेस ते केवढं झालं असेल. नातवाला न बघता त्याच्या मापाचा स्वेटर विणणाऱ्या आजीसारखं. फक्त सतरा नंबरला कुणी नातूच नव्हता.

याने तू निर्दोष होत नाहीस. न बघता लिहिलं ते लिहिलंच. पण मला राग यायला लागला, आणि तो तुझ्यावर येईना.

आता महत्त्वाचं, नीट वाच.

त्या शनिवारी, चोवीस तारखेला, दुपारी दोनला तू वहीत खोलीचं तापमान ३४.५ लिहिलंस आणि खाली दोन रेघा मारल्यास. माझ्यासमोर टायवाल्यांना फोन लावलास. ते म्हणाले, दार लावा आणि घरी जा, मी बघतो. बघितलं काय, तर पाहुण्यांसाठी नव्या ऑफिसात गारवा हवा म्हणून खोलीच्या एसीची लाइन तिकडे फिरवली होती, ती तशीच ठेवली. सोमवारी आपल्या आधी येऊन मशीन चालू केलं. आपल्याला आत सोडलं तेव्हा मीटर पंचवीस. आता ते म्हणतात फोन आलाच नाही आणि आकडा बनावट, पुरावा म्हणून प्लॅस्टिकची फांदी. माझी खोडी त्यांच्या खिशात गेली, ताई. माझ्या जिवाला तेच लागलंय.

पण त्यांना एक माहीत नाही. फांदी मी आपल्या जेलीत खोचलेली नाही. आपली जेली मोजून मिळते, कमी पडली असती तर तू पकडलं असतंस. मी दुकानातून मुलांच्या जेलीचं पाकीट आणलं, रंग नसलेलं, दुप्पट घट्ट केली, बुरशी येऊ नये म्हणून टेबल पुसायच्या औषधाचे चार थेंब टाकले. दिसायला सारखीच. पण आपली जेली समुद्रातल्या शेवाळाची, ती जवळजवळ उकळल्याशिवाय पातळ होत नाही. आणि दुकानातली उन्हात ठेवली की पाणी.

शुक्रवारी, तेवीसला, मी चोरून फोटो काढला होता. मोबाइल आत नेला, हो, तेही सांगीन. त्यात फांदी ताठ उभी आहे. आणि सोमवारचा फोटो टायवाल्यांनी स्वतः काढला, छाती फुगवून आपल्या सगळ्यांना पाठवला, "एक योद्धा जगला." तो मोठा करून बघ. फांदी काचेला टेकलीय, तळाला गेलीय. शुक्रवार आणि सोमवारच्या मधे ती जेली पातळ झाली होती आणि पुन्हा गोठली. पंचवीसमध्ये ती पातळ होत नाही. मी घरी करून बघितलं. आईचं भांडं खराब झालं, ती तुला सांगेलच.

म्हणजे त्या खोलीत चार हजार जिवंत रोपं होती आणि साक्ष द्यायला उरली ती एक मेलेली फांदी. ती साक्ष द्यायची तर मला सांगावं लागणार की मी ती कधी ठेवली. वीस जानेवारी. शनिवार सांगितला तर शुक्रवारचा फोटोच खोटा ठरतो. तेव्हा तुझा निरोप मी पाळू शकत नाही, आणि पाळू शकत असते तरी पाळला नसता.

शुक्रवार, अकरा वाजता. मावशीकडून सातची बस पकडलीस तर पोचतेस.

तीच

शनिवार, १६ मार्च

ताई,

तू दारात येऊन उभी राहिलीस तेव्हा मी बादलीपाशी वाकले होते. तू किती ऐकलंस मला माहीत नाही, म्हणून आधीचं सांगते.

मोठ्या बाई टेबलाच्या पलीकडे. चष्मा कपाळावर. शेजारी टायवाले, तुझी वही उघडी, प्लॅस्टिकची फांदी रुमालावर ठेवलेली, पुराव्याचं पिस्तूल असावं तशी. ते बोलले बरंच. मग बाई म्हणाल्या, "कुणाला काही सांगायचंय?" मी उभी राहिले.

"ती फांदी माझी आहे."

टायवाले म्हणाले, "मॅडम, ही तिची बहीण. ही आता काहीही म्हणेल."

मी म्हटलं, "बहीण आहे म्हणूनच काहीही म्हणणार नाही." आणि सगळं सांगितलं. तारीख, दवाखाना, पाकीट, चष्मेवालीची पैज सोडून. ती पोरगी पांढरी पडली होती, तिला कशाला ओढायचं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे सुपरवायझरने पाच आठवडे प्लॅस्टिक मोजलं."

"हो."

"आणि तुला म्हणायचंय की तिचा तापमानाचा आकडा मात्र खरा."

"म्हणायचं नाही. दाखवायचंय."

बादली मी घरून आणली होती. दोन बाटल्या, एक आपल्या जेलीची, एक दुकानातल्या जेलीची, दोन्हींत दवाखान्यातल्या त्याच झाडाचा एकेक तुकडा उभा. थर्मामीटर सोडलं. बादलीत पंचवीसचं पाणी, दोन्ही ताठ. मग गरम पाणी थोडं थोडं. अठ्ठावीस. तीस. टायवाले घड्याळ बघायला लागले. तेहतीसला काही होईना, आणि घरी तर तेहतीसला झालं होतं. मी वाकून बघतेय तोवर चौतीसच्या जवळ दुकानातल्या जेलीच्या बाटलीतली फांदी हळूच कलली, काचेला टेकली आणि खाली बसली. दुसरी जागची हलली नाही. मी दोन्ही फोटो बाईंच्या पुढे ठेवले. दुसरा कुणाच्या मोबाइलवरून आला ते त्यांनीच वाचलं.

टायवाले म्हणाले, "मॅडम, जी मुलगी पाच आठवडे फसवते तिच्या बादलीवर विश्वास ठेवायचा?"

इथपासून तू होतीस बहुतेक. कारण बाई म्हणाल्या, "वहीत चौतीस लिहिलंय ना?" आणि दारातून आवाज आला, "चौतीस पूर्णांक पाच."

तेव्हा मी मान वर केली. तुझ्या खांद्याला मावशीची पिशवी.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. सरळ टेबलापाशी गेलीस, वही आपल्याकडे फिरवलीस आणि बोट ठेवून म्हणालीस, "हा आकडा मी मीटर बघून लिहिला. फोन केला दोन वाजून सात मिनिटांनी, माझ्या मोबाइलवर नोंद आहे." मग पान उलटलंस. "आणि या उंच्या मी न बघता लिहिल्या. फक्त सतराची नाही, बऱ्याच. एकशे वीस माझ्याच्याने होत नव्हत्या. हे मी कधी सांगितलं नाही, ही माझी चूक."

मला वाटत होतं ते तू माझ्यावर सोडशील. मी तयारी करून आले होते ते बोलायची, आणि तू मला शिव्या घालशील त्याची पण.

निकाल तू निघून गेल्यावर लागला, म्हणून कळवते. रोपं गरमीने मेली, असं बाईंनी लिहिलं. टायवाल्यांना त्यांच्या नव्या गार ऑफिसातून उठवून दुसरीकडे पाठवतायत, कुठे ते मी विचारलं नाही. तुला सोमवारपासून कामावर बोलावलंय, पण आधी तू जे बोललीस ते कागदावर लिहून द्यायचं, सहीसकट. दोन खोल्या तुझ्याकडे, दोनांसाठी दुसरी बाई घेणार. आणि मला काढलं. बाई म्हणाल्या, "हुशार आहेस, पण तुला आत ठेवता येणार नाही." मी म्हटलं, "मीपण ठेवलं नसतं." त्यांना हसू आलं असावं, चष्मा खाली घेतला.

आई म्हणते, आता तरी ताईची माफी माग. बारा बाटल्यांबद्दल मागते. बुधवारी छताकडे बघितलं त्याबद्दल मागते, आणि ती मोठी आहे. फांदीबद्दल मागत नाही. त्या खोल्यांत दीड वर्ष तुझा जीव जात होता आणि कुणी बघत नव्हतं. मीपण बघत नव्हते. मी तुझ्यावर डूख धरून बसले होते. ती फांदी ठेवली नसती तर तू अजूनही घरी येऊन म्हणत असतीस, आज काही विशेष नाही.

कागद लिहून देताना तुला हात जड होईल. लाजायचं कारण नाही. दीड वर्ष दोघींचं काम केलंस तेही त्याच कागदावर लिही, आधी ते लिही. नाही लिहिलंस तर मी लिहीन आणि खाली तुझी सही मारीन. माझ्या हातची तुझी सही शाळेतल्या बाईंनाही ओळखता आली नव्हती.

तू काल मला न भेटताच पाचच्या बसने परत गेलीस. उद्या रविवारी कपडे घेऊन येशील, मावशीने सांगितलं. मी स्टँडवर उभी असेन. बॅग हातात दिलीस तरी चालेल, अंगावर फेकलीस तरी चालेल. घरापर्यंत मीच आणणार आहे.

तुझी धाकटी